देहाची चतुःसीमा

वाशीमच्या तहसील कचेरीच्या आवारात ज्याने पस्तीस वर्षे अर्जनविशी केली, खरेदीखते, गहाणखते, वाटणीपत्रे आणि मुखत्यारपत्रे लिहिता लिहिता ज्याच्या मधल्या बोटावरचा शाईचा डाग कायमचा होऊन बसला, त्या माणसाने शल्यकर्मासारख्या विषयावर लेखणी चालवावी, हे प्रथमदर्शनी अनधिकाराचे वाटेल. परंतु गेल्या मार्गशीर्षात माझ्यापुढे जो कागद आला तो रुग्णालयाचा असला तरी प्रकृतीने दस्तच होता. त्यात लिहून देणार होती, लिहून घेणार होते, मिळकत होती, मोबदला होता आणि तळाशी साक्षीदारासाठी राखलेली कोरी ओळही होती. दस्त वाचणे हा माझा जन्माचा व्यवसाय. म्हणून त्या कागदाविषयी, आणि त्याच्या निमित्ताने ‘लायपोसक्शन’ या नावाने आता आमच्या खेड्यापाड्यांतल्या तरुण मुलामुलींच्याही बोलण्यात येऊ लागलेल्या शस्त्रक्रियेविषयी, जे मला कळले आणि जे मनापासून वाटले ते येथे मांडतो.

कागद आणला होता माझ्या भाचीने. तिचे गाव रिसोड तालुक्यात, वय सव्वीस, नोकरी मोठ्या शहरात. इंग्रजीतील नऊ पाने तिने माझ्या पुढ्यात ठेवली आणि म्हणाली, “मामा, परवा सही करून द्यायची आहे. एवढं वाचून सांगा ना जी.” तिच्या मागे तिची आई, माझी धाकटी बहीण, उभी होती. मी चष्मा लावण्यापूर्वीच ती म्हणाली, “भाऊ, तुमी आता मोडता घालू नका. सोयाबीनचे पैसे आलेत, पोरीच्या मनानंही घेतलंय.” बहिणीच्या या घाईचे कारण मला ठाऊक होते. दोन स्थळे येऊन परतली होती आणि मध्यस्थाने दोन्ही वेळा ‘मुलगी अंगाने भारी आहे’ असा निरोप आणला होता.

मी नको म्हणालो. निरोगी देहाला, केवळ पाहायला आलेल्या चार माणसांच्या पसंतीस पडावे म्हणून, सुरीखाली घालणे मला पाप वाटले, आणि ते मी तितक्याच कठोर शब्दांत बोलून दाखवले. ज्या वाशीमला प्राचीन काळी वत्सगुल्म म्हणत, तेथे राज्य करणाऱ्या वाकाटक शाखेचा राजा हरिषेण याच्या अमदानीत अजिंठ्याची उत्तरकालीन लेणी घडली; सोळावे लेणे त्याचा सचिव वराहदेव याने करवले, असा तेथील शिलालेखच सांगतो. त्या लेण्यांतील राण्या, दासी आणि अप्सरा पाहाव्यात. भरदार मांड्या आणि विस्तीर्ण कटिप्रदेश यांना त्या चित्रकारांनी लपवले नाही, उलट सौंदर्याचा सारा भार त्यांच्यावरच ठेवला. आमच्याच राजांच्या काळी जे लावण्य गणले गेले त्याला आमच्याच जिल्ह्यातील एखाद्या मध्यस्थाने दोष म्हणावे, आणि आम्ही त्यावर पैसे मोजावेत, याचे मला खरोखर दुःख झाले होते.

भाचीने सर्व ऐकून घेतले. मग शांतपणे म्हणाली, “मामा, लग्नासाठी नाही. मी रोज पाच किलोमीटर चालते. दोन वर्षं वजन एका जागी आहे. पण मांड्यांच्या बाजूचा हा भाग शाळेत होते तेव्हापासून असाच आहे, तो कशानंच कमी होत नाही. मला तो नको आहे. नको म्हणायचा अधिकार मला आहे की नाही, तेवढं सांगा.”

या प्रश्नावर माझ्याजवळ उत्तर नव्हते. किंबहुना होते, पण ते तिच्या बाजूचे होते. सज्ञान व्यक्तीने स्वतःच्या मिळकतीविषयी केलेला व्यवहार तिच्या मामाला रुचला नाही एवढ्याने रद्द होत नाही, हे मी पस्तीस वर्षे पक्षकारांना सांगत आलो आहे. तेव्हा मी बाजू बदलून दुसरा प्रश्न विचारला. “हे करतात कसे, ते तुला माहीत आहे का?” ती म्हणाली, “मशीननं चरबी ओढून घेतात.” बहिणीची समजूत याहून वेगळी होती, सुई देऊन चरबी वितळवतात आणि ती लघवीवाटे जाते, असे तिला कोणी सांगितले होते. नऊ पानांचा तो कागद मी दोनदा वाचला. शस्त्रक्रिया कशी करतात याविषयी त्यात एक ओळही नव्हती. देहाचा कोणता भाग, ती जागा कोरी. किती मेद काढणार, ती जागा कोरी. शल्यवैद्याचे नाव कोरे, भूलतज्ज्ञाचे नाव कोरे. मात्र ‘आवश्यक वाटल्यास अन्य कोणतीही प्रक्रिया’ करण्यास संमती आहे, हे वाक्य ठळक अक्षरांत छापलेले होते, आणि मृत्यूचा उल्लेख दहा-बारा उपद्रवांच्या यादीत, दोन स्वल्पविरामांच्या मध्ये, येऊन गेला होता.

त्यानंतरचे तीन आठवडे मी जे वाचले, आणि नागपूरच्या एका अनुभवी शल्यवैद्यांनी आपला तासभर खर्चून जे मला चित्रे काढून समजावले, ते मी क्रमाने सांगतो. शस्त्रक्रिया चांगली की वाईट हा वाद त्यानंतर करावा.

मेद देहात एकाच कोठारात साठत नाही. एक कोठार त्वचेखाली, त्वचा आणि स्नायू यांच्या मध्ये. दुसरे उदराच्या पोकळीत, आतड्यांच्या भोवती. चिमटीत धरता येतो तो पहिला. पुढे आलेले, घट्ट, टणक पोट चिमटीत सापडत नाही, कारण तेथील मेद बहुतांशी आतला असतो. लायपोसक्शनची नळी फक्त पहिल्या कोठारात फिरते. स्नायूंच्या भिंतीपलीकडे तिने जाऊ नये, आणि गेली तर तो अपघात समजावा. एवढी एक गोष्ट ज्याला कळली त्याचे निम्मे भ्रम तेथेच संपतात.

शस्त्रक्रियेचा आरंभ सुरीने होत नाही, शाईने होतो. रुग्णाला उभे करून शल्यवैद्य त्याच्या अंगावर रेषा आखतो. उभेच का, तर आडवे पडल्यावर मेद बाजूला सरकतो आणि उंचवट्यांची सीमा हरवते. कोठे किती काढायचे, कोठे मुळीच हात लावायचा नाही, नळी कोठून आत जाईल, हे सर्व या आखणीत ठरते. मोजणीदाराने शेताच्या बांधावर खुणा रोवाव्यात तसेच हे काम आहे. मग भूल. भाग लहान असेल तर तेवढ्यापुरती, मोठा असेल तर कमरेखालची किंवा संपूर्ण. आणि संपूर्ण भुलीच्या वेळी भूलतज्ज्ञ प्रथमपासून अखेरपर्यंत उशाशी असलाच पाहिजे.

यानंतर बेंबीच्या कडेला, जांघेच्या घडीत, अशा सहज न दिसणाऱ्या जागी तीन-चार मिलिमीटरची छिद्रे घेतात. त्यांतून प्रथम काहीही बाहेर काढले जात नाही, उलट आत भरले जाते. एक लिटर सलाइनमध्ये सुमारे एक मिलिग्रॅम ॲड्रेनालिन आणि लिडोकेन नावाचे बधिरता आणणारे औषध मिसळून ते द्रावण मेदाच्या थरात सोडतात. भाग फुगून टणक होतो, ॲड्रेनालिनने सूक्ष्म रक्तवाहिन्या आकसतात, वरची त्वचा पांढुरकी पडते. अनुभवी शल्यवैद्य येथे पंधरा-वीस मिनिटे स्वस्थ थांबतो. ही स्वस्थता हाच या शस्त्रक्रियेच्या सुरक्षिततेचा पाया आहे. द्रावण न भरता कोरड्यानेच मेद ओढण्याची रीत होती तेव्हा बाहेर येणाऱ्या द्रव्यात पाचव्या हिश्श्यापासून जवळजवळ अर्ध्यापर्यंत रक्तच असे; भरपूर द्रावणाच्या रीतीने ते प्रमाण शेकडा एकाच्या आसपास आले.

आता नळी. तिला कॅन्युला म्हणतात. जाडी साधारण दोनपासून पाच मिलिमीटर, टोक बोथट, आणि टोकाजवळ बाजूंना छिद्रे. मागचे टोक शोषणयंत्राला जोडलेले. शल्यवैद्य एका हाताने नळी पुढे-मागे चालवतो आणि दुसरा हात पसरून त्वचेवर ठेवतो. टोक किती खोल आहे, थर किती उरला आहे, हे तो हातच त्याला सांगतो. डोळ्यांना येथे फारसे काम नाही. नळीच्या प्रत्येक फेरीने मेदात एक बोगदा पडतो. पंख्याच्या काड्यांसारखे असे अनेक बोगदे एका छिद्रातून, आणि त्यांना छेदणारे दुसऱ्या छिद्रातून पाडले जातात. बोगद्यांच्या मधले पडदे, ज्यांतून रक्तवाहिन्या आणि मज्जातंतू त्वचेकडे जातात, ते राखायचे असतात, आणि टोक बोथट ठेवण्याचे प्रयोजन हेच की मऊ मेद सुटून यावा व चिवट वाहिन्या बाजूला सराव्यात. त्वचेलगतचा पातळ थरही राखतात. तो ओरबाडला गेला की वर कायमचे खळगे पडतात. कंप पावणाऱ्या नळ्या, ध्वनिलहरी, लेझर अशी नवी साधने निघाली आहेत आणि जाहिरातींत त्यांचीच नावे मोठ्या अक्षरांत असतात. पण त्यांनी पद्धतीचे मूळ बदललेले नाही, आणि ऊर्जेच्या साधनांनी त्वचा भाजण्याचा एक धोका वाढवलाच आहे.

ओढलेले द्रव्य पारदर्शक डब्यांत साठते. काही वेळाने वर पिवळा मेद तरंगतो, खाली लालसर पाणी बसते. पाच लिटर निघाले म्हणजे पाच किलो वजन घटले, असे मुळीच नाही. त्यात भरलेले पाणीही असते. त्यातून तीन लिटर निव्वळ मेद गेला तरी त्याचे वजन तीन किलोच्याही आतच भरते. एका बैठकीत पाच लिटरपलीकडे जाणे ही मोठी शस्त्रक्रिया समजली जाते आणि त्यानंतर रुग्णाला रात्रभर देखरेखीखाली ठेवावे लागते. शेवटी छिद्रांना एखादा टाका घालतात किंवा पाणी झरून जावे म्हणून ती उघडीच ठेवतात. मग घट्ट पट्ट्याचा पोशाख, चार ते सहा आठवडे. निळे-जांभळे डाग दोन-तीन आठवडे टिकतात, सूज काही महिने रेंगाळते, आणि खरा आकार दिसायला तीन ते सहा महिने लागतात. आमच्या वऱ्हाडचा वैशाख ज्याने सोसला आहे त्याला तो पट्टा हिवाळ्यातच का बांधावा, हे सांगण्याची गरज नाही.

या ज्ञानाची किंमत माणसांनी मोजलेली आहे. १९२० च्या दशकात पॅरिसचे शल्यवैद्य शार्ल द्युजारिए यांनी एका नर्तकीच्या पायातील मेद खरवडून काढण्याचा प्रयत्न केला. पायात गँगरीन झाले आणि तो कापावा लागला. त्या भयाने ही वाट पुढे अर्धशतक जवळजवळ बंद राहिली. १९७० च्या दशकात रोममध्ये अर्पाद आणि जॉर्जिओ फिशर या पितापुत्रांनी शोषणाचे यंत्र आणले. १९७७ मध्ये पॅरिसचे डॉ. इव्ह-जेरार इल्लूझ यांनी धारदार हत्यार टाकून बोथट नळी घेतली, आणि १९८७ मध्ये कॅलिफोर्नियाचे त्वचारोगतज्ज्ञ डॉ. जेफ्री क्लाइन यांनी भरपूर द्रावणाची ती रीत प्रसिद्ध केली. खरवडणीपासून भरपूर द्रावणाच्या रीतीपर्यंतच्या या साठएक वर्षांत एकच शहाणपण हळूहळू उमगलेले दिसते, की या कामी बळ जितके कमी तितके हित अधिक.

आता या शस्त्रक्रियेने काय होत नाही ते पाहू, कारण आमच्याकडे अपेक्षांचा घोटाळा नेमका येथेच आहे. पोटाचा घेर सुटलेला चाळिशीचा गृहस्थ, ज्याला मधुमेहाचे निदान नुकतेच झाले आहे, तो विचारतो की मशीनने चरबी काढली तर साखर उतरेल का? या प्रश्नाला जून २००४ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’ या नियतकालिकात उत्तर मिळाले. अमेरिकेत डॉ. सॅम्युएल क्लाइन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १५ लठ्ठ स्त्रियांच्या पोटावरचा सरासरी सुमारे १० किलो मेद या शस्त्रक्रियेने काढला, त्यांतील काहींना मधुमेह होता, आणि दहा-बारा आठवड्यांनी तपासले तेव्हा इन्सुलिनचा परिणाम, रक्तदाब, रक्तातील स्निग्धांश यांपैकी कशातही सुधारणा आढळली नाही. चालून, कमी खाऊन याहून पुष्कळ कमी वजन घटवणाऱ्याला जो लाभ होतो, तो दहा किलो मेद ओढून झाला नाही. कारण कोठार चुकले होते.

योगायोग असा की त्याच वर्षी, जानेवारी २००४ मध्ये, आमच्या पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांच्यासह ‘लॅन्सेट’मध्ये दोघांचे एक छायाचित्र छापले. उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक दोघांचा सारखाच, २२.३. पण युडकिन यांच्या देहात मेद शेकडा ९.१ आणि याज्ञिकांच्या देहात शेकडा २१.२. याज्ञिकांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या खेड्यांतील गर्भवती मातांचा अभ्यास चालवला होता. तेथे जन्मणारी बालके सरासरी २.७ किलोची, हातापायांनी बारीक, तरी त्यांच्या अंगातला मेद मात्र विलायती बालकांच्या मानाने राखलेला, असे त्यांना दिसले. बारीक दिसणारा आणि आतून मेदयुक्त, असा हा आमचा देह मातेच्या उदरातच घडतो. ज्या राज्यात २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात पाचवा हिस्सा स्त्रिया प्रमाणाहून कृश आणि जवळजवळ चौथा हिस्सा स्त्रिया प्रमाणाहून स्थूल आढळल्या, त्या राज्यात मेदाचा प्रश्न शोषणयंत्राने सुटणारा नाही. तो गर्भवतीच्या ताटापासून सुरू होतो. मधुमेहासाठी, रक्तदाबासाठी, वजनासाठी लायपोसक्शन करून घेऊ नये, हे मी येथे निःसंदिग्धपणे लिहून ठेवतो. ही आकृतीची शस्त्रक्रिया आहे. वजन स्थिर असलेल्या, प्रकृती निकोप असलेल्या व्यक्तीच्या एखाद्या हट्टी भागासाठी ती आहे, म्हणजे माझ्या भाचीसारख्या व्यक्तीसाठी. आणि हे कळल्यावर माझा पहिला विरोध मला मागे घ्यावा लागला.

मिळालेली आकृतीही पूर्ण कायमची नव्हे. २०११ मध्ये कोलोरॅडो विद्यापीठातील संशोधकांनी पाहिले की शस्त्रक्रियेनंतर वर्षभरात देहाने गेलेला मेद भरून काढला. मांड्यांवर तो परतला नाही, पण पोटाकडे वाढला. देह आपली शिल्लक राखतो.

आणि धोका? अमेरिकेतील प्लास्टिक सर्जनांकडून माहिती गोळा करून २००० मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत १९९४ ते १९९८ या काळातील सुमारे पाच लाख शस्त्रक्रियांत लाखामागे १९ मृत्यू, म्हणजे साधारण पाच हजारांत एक, असे प्रमाण निघाले. त्यांत सर्वांत मोठे कारण पायात धरलेली रक्ताची गुठळी फुप्फुसात जाणे हे होते. मे २०२२ मध्ये बंगळुरात कन्नड दूरचित्रवाणीवरील एक अवघी एकवीस वर्षांची अभिनेत्री मेद काढण्याच्या शस्त्रक्रियेनंतर दगावली. आईवडिलांना तिने सांगितलेच नव्हते, असे त्या वेळी वृत्तपत्रांत आले होते. पाच हजारांत एक हा आकडा ज्याच्या घरी येतो त्याच्या घरी तो एकात एक असतो.

यासंबंधी आमच्या जिल्ह्यापुरती एक गोष्ट मला विशेष काळजीची वाटते. लिडोकेनची रक्तातील मात्रा शिखराला पोचते ती शस्त्रक्रियेच्या मेजावर नव्हे, तर त्यानंतर साधारण बारा तासांनी. समृद्धी महामार्ग झाल्यापासून कारंजा, मालेगाव, मंगरूळपीरची माणसे पहाटे निघून नागपूरचे काम आटोपतात आणि रात्री घरी परततात. सकाळी शस्त्रक्रिया झालेली मुलगी संध्याकाळी मोटारीत बसली, सुमारे अडीचशे किलोमीटर पाय न हलवता आली आणि मध्यरात्री आपल्या खेड्यात उतरली, तर औषधाच्या शिखराची वेळ आणि गुठळी धरण्यास अनुकूल अशी स्थिती या दोन्ही गोष्टी तिच्यावर अशा ठिकाणी येतात की जेथून प्राथमिक आरोग्य केंद्रही दूर असते. रस्ता चांगला आहे म्हणून त्याच दिवशी परत येऊ नका. एक रात्र, शक्य तर दोन, शल्यवैद्याच्या हाकेच्या अंतरावर राहा. ही सूचना कोणत्याही इंग्रजी नमुन्यात छापलेली नसणार, कारण नमुना करणाऱ्याला वाशीम ठाऊक नाही.

आता मूळ कागदाकडे येतो. १९०८ च्या नोंदणी कायद्याने दुय्यम निबंधकावर तीन बंधने घातली आहेत, आणि ती मला पाठ आहेत. जिल्ह्यात सामान्यतः न वापरल्या जाणाऱ्या आणि नोंदणी अधिकाऱ्याला न समजणाऱ्या भाषेतील दस्त, जिल्ह्याच्या भाषेतील खऱ्या भाषांतराशिवाय, त्याने नोंदवायचा नाही. दस्तात कोरी जागा, खाडाखोड किंवा ओळींमध्ये घातलेला मजकूर असेल तर त्यावर पक्षकारांच्या सह्या असल्याशिवाय तो नाकारता येतो. आणि मिळकतीचे वर्णन ती निश्चित ओळखू येईल इतके नेमके असले पाहिजे. पूर्वेस काय, पश्चिमेस काय, अशी चतुःसीमा आम्ही त्यासाठीच लिहितो. अर्धा एकर कोरडवाहू जमिनीसाठी राज्याने एवढी काळजी घेतली. माझ्या भाचीच्या देहाच्या त्या दस्तात भाषा परकी होती, जागा कोऱ्या होत्या आणि चतुःसीमा नव्हती.

न्यायालयाने याबाबत कसूर केलेली नाही. सर्वोच्च न्यायालयाने १६ जानेवारी २००८ च्या निकालात स्पष्ट सांगितले आहे की उपचाराचे स्वरूप व पद्धती, हेतू, लाभ, पर्याय, मोठे धोके आणि उपचार न घेतल्यास काय होईल, हे रुग्णाला पुरेसे समजेल असे सांगितल्यावर मिळालेली संमती तीच संमती. आणि एका प्रक्रियेसाठी दिलेली संमती, प्राण वाचवण्याची निकड नसताना, दुसऱ्या प्रक्रियेला लागू होत नाही. मग ‘अन्य कोणतीही प्रक्रिया’ हे ठळक वाक्य कोणत्या आधारावर छापले जाते?

लोकांच्या भाषेत लिहिण्याची परंपरा तर वाशीमला उसनी आणावी लागणार नाही. १९३९ मध्ये येथेच सापडलेला वाकाटक राजा दुसरा विंध्यशक्ती याचा ताम्रपट चौथ्या शतकातला. त्यात राजाची वंशावळ संस्कृतात आहे. पण प्रत्यक्ष दानाचा मजकूर, कोणते गाव दिले, कोणत्या सवलती दिल्या, हा व्यवहाराचा भाग प्राकृतात आहे. थोरवी पंडितांच्या भाषेत गायली तरी हक्काची गोष्ट बोलीजवळच्या भाषेत लिहावी, हे सोळाशे वर्षांपूर्वी या गावातल्या लेखनिकाला उमगले होते. आणि शस्त्रक्रिया पायरीपायरीने उघड करून सांगण्याची परंपराही मराठी मुलखातीलच आहे. टिपूच्या कैदेत नाक गमावलेल्या कावसजी नावाच्या मराठा गाडीवानाला पुण्याजवळ एका कुंभाराने कपाळाची त्वचा वळवून नवे नाक दिले. मेणाचा साचा कसा घेतला, तो कपाळावर ठेवून रेषा कशी आखली, त्वचेचा देठ कोठे राखला, हे सर्व ऑक्टोबर १७९४ मध्ये लंडनच्या ‘जेंटलमन्स मॅगझिन’ या सामान्य वाचकांच्या मासिकात चित्रासह छापून आले. ते वाचून कोणालाही कळे की त्या माणसाच्या चेहऱ्यावर नेमके काय केले गेले. पुढे याच विदर्भात, नागपूरच्या वैद्यकीय महाविद्यालयात, डॉ. सी. बालकृष्णन यांनी देशातील आरंभीच्या प्लास्टिक सर्जरी विभागांपैकी एक उभा केला आणि दुभंगलेल्या ओठ-टाळूचे त्यांचे वर्गीकरण आजही ‘नागपूर वर्गीकरण’ म्हणून ओळखले जाते. असा वारसा असलेल्या मुलखात रुग्णाने न कळलेल्या कागदावर सही करावी, हे मला सहन होत नाही.

ऑक्टोबर २०२४ मध्ये राज्यातील ज्या दहा नव्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांचा आरंभ झाला त्यांत वाशीमचे एक आहे. नव्या संस्थेच्या सवयी अजून पक्क्या झालेल्या नसतात. तेथे पहिल्या वर्षापासूनच प्रत्येक शस्त्रक्रियेचे संमतिपत्र मराठीत, हाताने भरण्याच्या जागांसह असावे. जागा भरल्याशिवाय सही घेऊ नये. आणि उद्याच्या डॉक्टरांनी ते पत्र एखाद्या शेतकऱ्याला वाचून दाखवून, त्याच्याकडून त्याच्या शब्दांत परत ऐकून घेणे, हा त्यांच्या शिक्षणाचा भाग असावा, अशी माझी अधिष्ठाता आणि जिल्हाधिकारी यांना जाहीर विनंती आहे. लेखनाच्या कामी हात हवा असेल तर तहसीलच्या आवारातले आम्ही सारे जुने अर्जनवीस विनामोबदला येऊ.

भाचीने ती नऊ पाने सही न करता परत पाठवली. मग मी तिच्यासाठी मराठीत तीन पानांचा मजकूर तयार केला. लिहून देणार, लिहून घेणार, शल्यवैद्याचे नाव व नोंदणी क्रमांक, भूलतज्ज्ञाचे नाव व नोंदणी क्रमांक. भाग, दोन्ही मांड्यांची बाहेरील बाजू, गुडघ्यापासून वर इतके अंतर, नितंबाच्या घडीपासून खाली इतके अंतर. द्रावण किती, लिडोकेन वजनाच्या मानाने किती, जास्तीत जास्त किती लिटर द्रव्य काढणार. काय होणार नाही. कशाने मृत्यू येऊ शकतो. रात्री कोणत्या क्रमांकावर कोण भेटेल. आणि या भागांखेरीज, प्राणसंकटाखेरीज, अन्यत्र काहीही करण्यास संमती नाही. तो घेऊन आम्ही दोघे पौषात नागपूरला, मला चित्रे काढून दाखवणाऱ्या त्याच शल्यवैद्यांकडे गेलो. त्यांनी तिन्ही पाने सावकाश वाचली, कोऱ्या जागा स्वतःच्या अक्षरात भरल्या, लिटरच्या जागी ‘अडीच’ लिहिले. पट्टा किती आठवडे बांधायचा ते मी चार असे निश्चित लिहिले होते. ते खोडून त्यांनी ‘सहा’ केले, आणि मी काही म्हणण्यापूर्वीच त्या खाडाखोडीशेजारी आपली आद्याक्षरे केली. मग पेन भाचीपुढे सरकवून म्हणाले, “इथं तुमचीही करा.”